टेबलटॉप बेसिन : दगडाला भोक केवढं पाडायचं आणि नट कुठे आवळायचा?

उंबरठा
बाथरूमचं काम शेवटच्या टप्प्यात आलंय. काउंटरवर १८ मिमी ग्रॅनाइट बसला आहे, पण बेसिनसाठी भोक अजून पाडलेलं नाही. बेसिन सिरॅमिकचं, गोल, १४० मिमी उंच. ओव्हरफ्लोचं, म्हणजे काठाजवळचं जादा पाणी खाली नेणारं, भोक नाही. उलटं करून पाहिलं तर तळाला कडेने एक कडं आहे, तेवढंच दगडावर टेकतं, मधला भाग पोकळ. वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसून पाणी पाइपात सोडणारी आट्यांची नळी) वेगळं घेतलंय, ३२ मिमीचं, दाबलं की उघडतं-मिटतं तसलं.

प्लंबर म्हणतो, कपलिंग जेमतेम जाईल एवढंच भोक पाडू आणि दगडाच्या खालून नट आवळू, त्यानेच बेसिन पक्कं बसेल, सिलिकॉनसुद्धा लागणार नाही. ग्रॅनाइट बसवणारा म्हणतो, मोठं भोक पाडा. दोघंही वर्षानुवर्षं हेच काम करतात आणि दोघंही ठाम आहेत. कुणाचं ऐकू?

अर्धवटराव
लहान भोक नंतर मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. सबब लहान पाडा. फी नको.

ओळंबा
अर्धवटराव, ऐकायला छान आहे, पण आधी एक भोक असलेल्या दगडावर मोठं कोअर बिट (गोल भोक कापणारं नळीसारखं पातं) चालवून बघा. मधल्या पिनेला टेकायला दगडच उरत नाही आणि बिट पृष्ठभागावर भटकत सुटतं. प्लायवूडच्या तुकड्याला त्या मापाचं भोक पाडून तो साचा दगडावर पक्का धरला तर जमतं. पण पहिल्यांदाच नीट पाडता येत असताना हा खटाटोप कशाला?

उंबरठाताई, तुमच्या बेसिनसाठी ग्रॅनाइटवाल्याचं बरोबर आहे. का ते सांगतो, कारण बेसिनच्या गळतीची बहुतेक भांडणं इथेच असतात.

कपलिंगच्या आतून जाणारं पाणी पाइपात जातं, त्याची चिंता नसते. घोळ घालतं ते बाहेरून उतरणारं पाणी. कपलिंगची वरची कड सिरॅमिकवर टेकते, तिथे केसाएवढी फट राहिली तरी पाणी तिच्यातून आत शिरतं आणि आट्यांवरून खाली उतरतं. त्याला अडवणारी जागा एकच, ती म्हणजे बेसिनच्या बुडाला खालून दाबून बसलेला रबरी वायसर. आता नट दगडाखाली आवळला की तो वायसर दगडाला चिकटतो, सिरॅमिकला नाही. मधल्या पोकळीत उतरलेल्या पाण्याला कुणी अडवत नाही. ते तळाच्या कड्याखालून काउंटरवर पाझरतं. मग लोक म्हणतात बेसिन बाहेरून गळतंय, आणि कड्याभोवती सिलिकॉनचा आणखी एक थर देतात. पाणी आतच कोंडतं.

दुसरं कारण ताणाचं. तुमचं बेसिन फक्त कडेवर टेकलंय. त्याला मधोमध धरून दगडाकडे ओढलं तर सगळा जोर भोकाभोवतीच्या सिरॅमिकवर येतो. दगड जरा उंचसखल असला आणि प्लंबरचा हात जड असला की तडा जातो. कधी लगेच, कधी महिन्याभराने.

म्हणून भोक एवढं हवं की नट त्याच्या आत मावेल आणि थेट बेसिनच्या बुडाला आवळता येईल. तुमच्या नटाचा बाहेरचा व्यास मोजा, त्यात बोटं किंवा पाना फिरेल एवढी जागा मिळवा. बहुतेक वेळा ७५ मिमीच्या आसपास उत्तर येतं. वरची मर्यादा म्हणजे तळाच्या कड्याचा आतला व्यास. भोक त्याच्या बरंच आत राहिलं पाहिजे, कडं दगडावर सगळीकडून नीट टेकायला हवं.

एक अपवाद. बेसिनच्या खोक्यात कंपनीचा कागदी साचा असेल आणि त्यावर लहान भोक दाखवलं असेल, सोबत लांब आट्यांचं कपलिंग आणि मधे बसणारी गॅस्केट दिली असेल, तर तो कागदच खरा.

टपटप
आमच्याकडे लहानच भोक आहे, नट दगडाखालीच आहे, आणि थेंबही गळत नाही. नाव टपटप असलं तरी. :)

ओळंबा
टपटप, तुमच्या बेसिनचा तळ सपाट आहे का?

टपटप
हो, पूर्ण सपाट. बसवताना भोकाभोवती सिलिकॉनचं जाड कडं काढून त्यावर बेसिन दाबलं होतं.

ओळंबा
मग बरोबर. सपाट तळ आणि दगड यांच्यात सिलिकॉनची गादी झाली, पाण्याला शिरायला पोकळीच नाही. तिथे ही पद्धत चालते. फक्त उद्या बेसिन काढायची वेळ आली तर घाम निघेल.

उंबरठा
खोक्यात कागदी साचा नाही. नट मोजला, ५८ मिमी. कड्याचा आतला व्यास १३० च्या वर आहे. म्हणजे ७५ चं भोक आरामात बसतं. प्लंबरला हे कसं सांगायचं तो प्रश्न वेगळा.

दगडफोड्या
७५ चं डायमंड कोअर बिट वापरायला सांगा. ड्रिलचा हातोडा मोड बंद, वेग कमी, आणि पाणी सतत. कोरडं कापलं तर बिट जळतं आणि धूळ छातीत जाते ती वेगळीच. बिट सुरुवातीला थोडं तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची, मग सरळ करायचं. शेवटचे २-३ मिमी उरले की जोर काढून घ्यायचा. नाहीतर खालच्या बाजूने दगडाचे टवके उडतात. खाली दिसत नाहीत म्हणून मिस्त्री दुर्लक्ष करतात, पण तडा तिथूनच वर येतो.

ग्राइंडरने चौकोनी भोक पाडायला कुणी निघालं तर अडवा. कोपऱ्यात पातं गरजेपेक्षा पुढे जातं आणि तिथूनच दगड फुटतो. गोल भोकाला कोपराच नसतो.

आणि भोक पाडायच्या आधी नळाची जागा ठरवा. ती चुकली की बेसिन सरकवता येत नाही.

गुण्या
नळाचा मुद्दा बरोबर. टेबलटॉपला साधा आखूड पिलर कॉक (काउंटरवर उभा बसणारा नळ) चालत नाही, उंच मानेचा घ्यावा लागतो किंवा भिंतीतून येणारा. नळाचं तोंड बेसिनच्या काठापासून निदान ८०-१०० मिमी वर हवं म्हणजे हात खाली मावतात. फार वर नेलं तर पाणी उडतं. धार बेसिनच्या भोकाच्या जवळपास पडावी, पण बरोब्बर भोकावर नको. मिटलेल्या टोपीवर धार आपटली की समोर उभ्या माणसाचा शर्ट भिजतो.

माझा मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे. काउंटर जमिनीपासून किती उंच झालंय?

उंबरठा
तयार फरशीपासून दगडाचा वरचा भाग ७६० मिमी.

गुण्या
म्हणजे बेसिनचा काठ ९०० वर. साधारण ८०० ते ८५० धरतात. टेबलटॉप घेताना हे विसरलं जातं. काउंटर नेहमीच्या उंचीवर बनतं आणि वर बेसिन बसतं. काठ उंच झाला की तोंड धुताना हात वर राहतात आणि पाणी कोपरावरून बाहीत उतरतं.

भोक पाडायच्या आधी बेसिन नुसतं दगडावर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना एकेकाने तोंड धुण्याचा अभिनय करायला लावा. सगळे उंच असाल तर ९०० चालून जाईल. नसाल तर दोन वाटा आहेत. एक, कमी उंचीचं बेसिन. दुसरी, अर्धं काउंटरमध्ये उतरणारं बेसिन, त्याला मोठं भोक लागेल. हा निर्णय आज घेता येतो, परवा नाही.

(अवांतर: काउंटरखाली लाकडी सांगाडा असेल तर प्लायला पडलेल्या भोकाची कापलेली कड पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीने बंद करा. प्लाय पाणी पितो तो पृष्ठभागातून नाही, त्या उघड्या कडेतून.)

रिकामटेकडी
अभिनयाचा व्हिडिओ टाका, धागा हिट होईल.

उंबरठा
अभिनय झाला. मला आणि नवऱ्याला काहीच अडचण नाही, सासूबाईंना कोपर वर करावं लागतंय. त्यांची बाथरूम वेगळी आहे, त्यामुळे हेच बेसिन ठेवते. मुलाला स्टूल.

आता कपलिंग. बेसिनला ओव्हरफ्लो नाही हे वर लिहिलंच. मी आणलेल्या कपलिंगच्या अंगाला, वरच्या कडेच्या खाली, समोरासमोर दोन उभ्या खाचा आहेत. हे बरोबर आहे ना?

ओळंबा
नाही. बदलून घ्या, आणि आवळायच्या आधी घ्या.

त्या खाचा ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनसाठी असतात. ओव्हरफ्लोचं पाणी सिरॅमिकच्या आतल्या पोकळ वाटेने खाली येतं आणि खाचांतून कपलिंगच्या आत शिरतं. तुमच्या बेसिनला ती वाट नाहीच. त्यामुळे तुमच्याकडे उलटं होईल. कपलिंगच्या आतलं पाणी खाचांतून बाहेर, कपलिंग आणि सिरॅमिकच्या मधल्या जागेत येईल आणि तिथे साचून राहील. मग सगळा भार खालच्या एका वायसरवर. तो थोडा तिरका बसला की गळती सुरू. वरून कितीही सिलिकॉन लावा, उपयोग नाही, कारण पाणी सिलिकॉनच्या खालून येतंय.

उलट बाजूही सांगून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला बिनखाचांचं कपलिंग लावलं तर ओव्हरफ्लोच्या वाटेत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. ते तिथेच कुजतं, वास येतो. आणि बेसिन तुंबलं की ओव्हरफ्लो असूनही पाणी काठावरून सांडतं.

दुकानात हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड असं विचारतात. साधारणपणे हाफ थ्रेडला खाच असते, फुल थ्रेडला नसते. पण नावावर विसंबू नका, हातात घेऊन खाच आहे की नाही ते बघा.

कोरडे_पाय
यात एक भर. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला मुळात मिटणारं कपलिंग घ्यावं का, याचाच विचार करा. टोपी मिटलेली, नळ चालू आणि फोन वाजला, की पाणी काठावरून खाली. जिथे ओव्हरफ्लो नाही तिथे कायम उघडं राहणारं, जाळीचं, म्हणजे फ्री फ्लो कपलिंग जास्त सुरक्षित. लहान मुलं असतील तर नक्कीच.

रिकामटेकडी
+१. बटण दिसलं की दाबायचं हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

टपटप
पण जाळीतून कानातलं जात नाही हा फायदा, आणि केस अडकतात हा तोटा. दाबायच्या प्रकारात टोपी फिरवून अख्खी काढता येते, केस उपसून परत लावता येते. जाळीवाल्यात आकडा घालून बसावं लागतं.

उंबरठा
बिनखाचांचं, जाळीचं घ्यायचं ठरलं. आता बसवण्याचा क्रम सांगाल का? मी प्लंबरच्या डोक्यावर उभी राहणार आहे.

ओळंबा
डोक्यावर उभ्या राहा, पण चहा द्या. क्रम असा.

कपलिंग बेसिनला आधी बसवायचं, बेसिन काउंटरवर नंतर. हे सगळ्यात महत्त्वाचं. बेसिन जमिनीवर जाड टॉवेलवर ठेवून काम करताना सगळं डोळ्यासमोर असतं. एकदा ते दगडावर चढलं की माणूस कपाटात मान घालून अंदाजाने आवळतो.

भोकाभोवतीचं सिरॅमिक पुसून पूर्ण कोरडं करा. कपलिंगसोबत वरच्या कडेखाली बसणारा पातळ रबरी वायसर आला असेल तर तो लावा. आला नसेल तर कडेखाली सिलिकॉनची एक अखंड गोल रेघ. दोन्ही एकत्र नको, सिलिकॉनवर रबर आवळताना घसरून बाहेर येतं. कपलिंग वरून घाला. खालून आधी रबरी वायसर, त्याची निमुळती बाजू बेसिनकडे. मग प्लॅस्टिकची चकती, मग नट. ती चकती बरेच जण फेकून देतात. नट फिरताना रबराला सोबत पिळत नेऊ नये म्हणून ती असते.

आता आवळताना एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे कपलिंग स्वतः फिरता कामा नये. ते फिरलं की वरच्या सिलिकॉनची रेघ फाटते आणि ते कुणाला दिसत नाही. जाळीत दोन स्क्रू ड्रायव्हर उभे अडकवून एकाने धरायचं, दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. हाताने जेवढा बसेल तेवढा, त्यानंतर पान्याने पाव फेरा. बस्स. सिरॅमिक ताणलेलं आहे हे आधी सांगत नाही, थेट फुटतं.

सिलिकॉन बाहेर आलेलं लगेच पुसा आणि २४ तास हात लावू नका.

दगडफोड्या
टेफ्लॉन टेप?

ओळंबा
कपलिंगच्या खालच्या टोकाला बॉटल ट्रॅपचा (थोडं पाणी अडवून वास रोखणाऱ्या बाटलीसारख्या भागाचा) नट लागतो तिथे त्याच्या आत रबर असतंच, रबर नीट असेल तर टेप लागत नाही. बेसिनखालच्या वायसरजवळ आट्यांवर दोन-तीन वेढे दिले तर आट्यांच्या खोबणीतून उतरणारं पाणी अडतं, ते मी देतो. अँगल कॉक (बेसिनखालचा पाणी बंद करायचा छोटा नळ) भिंतीत बसतो तिथे टेप हवीच. पण कनेक्शन पाइपच्या नटात रबर असतं, तिथे टेप गुंडाळणं म्हणजे नट तिरका बसवण्याचं आमंत्रण.

गुण्या
बेसिन दगडाला चिकटवायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं, घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते संगमरवरावर अजिबात नको, ते दगड खातं. ग्रॅनाइट टणक असला तरी काही दगड सिलिकॉनमधलं तेल पितात आणि कडेने काळपट वर्तुळ उमटतं. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून बघा. बुरशीरोधक सॅनिटरी प्रकार असावा, नाहीतर पांढरी रेघ पावसाळ्यानंतर काळी होते.

कोरडे_पाय
मी ऐकलंय की सिलिकॉन पूर्ण गोल लावू नये, मागे थोडी फट ठेवावी. म्हणजे आत गळती झाली तर पाणी बाहेर दिसतं.

ओळंबा
कमोडच्या तळाला तसं ठेवणारे बरेच आहेत, तिथे ते पटतं. इथे गरज नाही. आत गळलेलं पाणी दगडाच्या ७५ च्या भोकातून खाली कपाटात पडणार आणि तुम्हाला दिसणारच. उलट मागे फट ठेवली तर काउंटरवर सांडलेलं पाणी बेसिनखाली शिरतं आणि तिथे वाळत नाही. पूर्ण गोल लावा.

गुण्या
मी मागे फट ठेवतो आणि ठेवत राहणार. काउंटरला भिंतीकडून पुढे किंचित उतार असेल तर मागून पाणी शिरतच नाही.

ओळंबा
उतार असेल तर. बहुतेक काउंटरना नसतो. जाऊ द्या, यावर आपलं एकमत होणार नाही.

टपटप
ट्रॅपबद्दल कुणीच बोललं नाही. बॉटल ट्रॅप लावणार की नुसता नागमोडी वेस्ट पाइप?

उंबरठा
भिंतीत ४० मिमीचं तोंड काढून ठेवलंय. ते खाली फरशीतल्या नहाणी ट्रॅपला जातं.

ओळंबा
बॉटल ट्रॅप लावा. ट्रॅपमध्ये अडून राहणारं पाणी हेच गटारीच्या वासाला आणि झुरळांना अडवतं, त्याची खोली निदान ५० मिमी हवी. खालची वाटी फिरवून काढता येते, गाळ निघतो, पडलेली अंगठी सापडते. पण त्याच्यापुढचा नहाणी ट्रॅप म्हणजे दुसरं पाणी. दोन ट्रॅपच्या मधे हवा कोंडली की निचरा अडखळतो. बेसिनचा पाइप नहाणी ट्रॅपच्या पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या पातळीच्या वर उघडा सोडा, म्हणजे मधे हवेला वाट राहते.

नागमोडी पाइप भिंतीपर्यंत ताणून लावतात तेव्हा त्याला वळणच उरत नाही आणि पाणी अडत नाही. शिवाय त्याच्या घड्यांत साबण आणि केस साचतात. आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण २० मिमी उतार ठेवा.

उंबरठा
अपडेट. भोक ७५ चं पडलं, टवका नाही. प्लंबर आधी कुरकुरला, पण कपलिंग जमिनीवर बसवताना खूश झाला. म्हणाला, पाठ वाचली. दुसऱ्या दिवशी बेसिन चढवून सिलिकॉन दिलं, आणखी एक दिवस थांबलो. मग चाचणी कशी घ्यायची ते विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून नुसता नळ सोडून पाहिला. खाली कोरडं आहे.

कोरडे_पाय
नुसता नळ सोडून कळत नाही. भोकावर रबरी चकती ठेवून बेसिन अर्ध्याहून जास्त भरा, थोडा वेळ तसंच राहू द्या, मग एकदम सोडा. पाण्याचा भार आणि जोर दोन्ही मिळतात. खाली प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. बोटाला ओल कळत नाही, टिश्यूला कळते. वरपासून खाली तपासा, कारण वरचा थेंब ओघळून खालच्या नटावर लटकतो आणि बिचाऱ्या ट्रॅपवर आळ येतो.

उंबरठा
केलं. बेसिनखाली टिश्यू कोरडा. ट्रॅपच्या वरच्या नटाला एक ओला ठिपका आला. नट खोलून पाहिला तर आतलं रबर दुमडलं होतं, सरळ करून लावलं, आता तिथेही कोरडं.

एक शंका राहिली. पूर्ण भरलेलं बेसिन सोडलं की पाणी हळू जातं आणि घुळघुळ आवाज येतो. थोडं पाणी असलं तर काही नाही. ट्रॅप तुंबलाय का?

ओळंबा
नवा ट्रॅप इतक्यात तुंबणार नाही. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनमध्ये ट्रॅपच्या वरची हवा त्या वाटेने निघून जाते. तुमच्याकडे ती वाट नाही. भरलेलं पाणी भोकावर झाकण धरून बसतं आणि खालच्या हवेला त्याच पाण्यातून बुडबुडे काढत वर यावं लागतं. रोजच्या वापरात बेसिन भरून ठेवत नाही, त्यामुळे जाणवणार नाही.

मात्र थोड्या पाण्यालाही आवाज यायला लागला, किंवा शेजारचा शॉवर चालू असताना बेसिनमध्ये घुळघुळ झाली, तर पुढच्या पाइपात हवा कोंडतेय. तेव्हा नहाणी ट्रॅपची जाळी काढून बघा, तुमचा पाइप पाण्याच्या वर सुटलाय की आत बुडालाय.

उंबरठा
आत्ताच जाळी काढून पाहिलं. दोन बोटं बुडालाय. प्लंबर उद्या येतोय पाइप कापायला.